मुकादमजींचं नाक

हिंगणघाटात आमच्या मुकादमजींनी ज्याला ज्याला काम नाकारलं, तो तो त्यांचा जन्माचा दोस्त झाला. नकार देऊन माणसं जोडणारा असा दुसरा इसम मी तरी पाहिलेला नाही. मुकादमजी कापसाच्या जिनात मजूर भरती करत. दसरा झाला की फाटकासमोर कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसत आणि रांग लागे. शिक्षण, गाव, जात, कोणाची चिठ्ठी, यातलं काहीच ते विचारत नसत. "हात दे," एवढंच म्हणत. मग समोरच्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नाकापाशी नेऊन, डोळे मिटून वास घेत. बिडीचा वास आला की "नाई जमत, भाऊ," आणि पुढचा. बिडी आजची की कालची, हेही ते सांगत, आणि त्यात चुकल्याचं कोणाला आठवत नाही. एरवी चारचौघांसारखं दिसणारं ते नाक त्या चार दिवसांत गावात सगळ्यांत वजनदार असे.

आणीबाणी उठली त्या साली मी त्या रांगेत उभा होतो. वडील अंथरुणाला खिळलेले, मी थोरला, घरात कमावतं कोणी उरलं नव्हतं. कॉलेजात मी दोनदा आपटलो होतो. बिडी ओढणं हे एकच शिक्षण तिथे पुरं झालं होतं. वास जावा म्हणून मी बोटांना राख लावली, लिंबाचा पाला चोळला आणि शेवटी अक्कल गहाण टाकून घासलेटने बोटं धुतली. मुकादमजींनी हात नाकाशी नेला आणि ते खुर्चीसकट मागे सरकले. "बाप्पा! बिडी लपवाले घासलेट? अबे, तू कापसात काम कराले आला का कापूस जाळाले?" सगळी रांग खदाखदा हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पाय हलेनात. "घरी कोणी कमावणारं नाई जी," मी पुटपुटलो. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पंधरा दिवस पेऊ नको. मंग येजो. रजिस्टर लिहाची जागा ठेवतो तुह्यासाठी." ते पंधरा दिवस मी बडीशेप चघळत आणि घरच्यांवर डाफरत काढले. सोळाव्या दिवशी मुकादमजींनी माझी बोटं एकदाच हुंगली आणि हात सोडून दिला. नोकरी मिळाली, पण त्यांचा चेहरा मात्र समोरचं ताट कोणी उचलून नेल्यासारखा झाला होता. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

नाकारलेल्यांना ते वाऱ्यावर सोडत नसत. गावाबाहेरच्या वीटभट्टीवाल्याला चिठ्ठी देत, "माणूस चांगला हाये. आगीचा शौकीन." कापसातून सरकी काढायची यंत्रं, म्हणजे रेचे, दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. बंद पडलेला रेचा नुसता आवाज ऐकून सुरू करील असा हात, पण त्याच हाताला बिडीचा वास. मालकाचा मुलगा नागपूरला शिकून आला होता. तो चिडला. "मुकादमजी, माणूस आत बिडी पेतो का एवढं पाहा. घरी काय पेते त्याच्याशी आपल्याले काय करायचं? याच्यासारखा मिस्त्री जिल्ह्यात नाही." मुकादमजी शांतपणे म्हणाले, "मी मिस्त्रीले नाई म्हणून नाई राह्यलो, साहेब. त्याच्या बोटाले नाई म्हणून राह्यलो." मला मनातून धाकट्या मालकाचं पटलं होतं. खरं सांगायचं तर आजही अर्धं पटतं. मिस्त्री शेवटी तेलघाणीवर लागला, आणि आमचे रेचे तो हंगामभर रडतच चालले.

पण रोज दुपारी चहाच्या टपरीवर मुकादमजी त्याच मिस्त्रीच्या शेजारी बसलेले असत. तेही नेमके त्याच्या बिडीचा धूर वाहील त्या अंगाने. मिस्त्रीने जागा बदलली, की हे कप घेऊन तिकडे सरकत. भरतीच्या वेळी मी आता त्यांच्या शेजारी रजिस्टर घेऊन बसे, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कोऱ्या बोटांचा ते एकदाच वास घेत. बिडीच्या बोटांचा तीनदा. तिसऱ्यांदा घेताना छाती भरून श्वास घेत, तो थोडा वेळ आत ठेवत आणि मग हळूच सोडत. तसा श्वास मी ओळखत होतो. मीही तो सोडलेला होता.

एका भरतीनंतर धीर करून विचारलं, तीनदा का म्हणून. मुकादमजींनी समोरच्या कापसाच्या गंजीकडे बोट केलं. "जवान होतो तवा आमी पाचजण गंजीमागं बिडी पेत होतो," ते म्हणाले. "गंजी जळली. जिन त्या साली बंद राह्यलं. अर्धा मोहल्ला कामाविना बसला. बिडी कोनाची होती, ते आजवर कोनाले मालूम नाई. माही असंन, नसंन. गिरडच्या टेकडीवर दर्ग्याले गेलतो, बंडल तिथं ठेवलं अन् उतरलो. पण गड्या, मनातून नाई उतरली ना!" त्या दिवसापासून मला त्यांच्या नाकाची भीती वाटेनाशी झाली आणि त्यांची फार माया वाटू लागली.

पुढे जिन बंद पडलं. गावात रंगीत टीव्ही आले त्या सुमारास मुकादमजी मुलाकडे वर्ध्याजवळ सिंदी मेघेला राहायला गेले. अंथरुणाला टेकलेत असं कळलं, तेव्हा मी वर्ध्याची बस धरली. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पानठेला होता. बिडी सोडून मला दहाएक वर्षं झाली होती. तरी थांबलो, एक बिडी घेतली आणि पेटवून नुसती बोटांत धरली. बिडी मोठी मानी. दम मारला नाही की विझते. चार काड्या खर्ची पडल्या. पानठेलेवाला मला वेड्यात काढत होता.

मुकादमजींनी मला ओळखलं. मी हात पुढे केला. त्यांनी दोन्ही हातांनी तो धरला आणि नाकापाशी नेला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा श्वास इतका लांब घेतला की सूनबाई दारातून पुढे आल्या. मग डोळे उघडून हसले. "नाई जमत, भाऊ. तुले कामावर घेता येत नाई." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हात त्यांनी तसाच धरून ठेवला होता. निघताना म्हणाले, "पुन्हा येजो काम मांगाले. अन् हात धुवून नको येजो."

पुढच्या महिन्यात जायचं मी पक्कं ठरवलं होतं. जायचं राहून गेलं, आणि मग जाण्यासारखं कारण उरलं नाही.