फूटपट्टीच्या रेघा

मी लिहावं एवढी माझी पायरी नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. उत्तरपत्रिकेबाहेर फारसं काही लिहिलेलं नाही. म्हणून आधीच माफी मागतो. पण एक गोष्ट कबूल करायची राहिली आहे, आणि ती माझ्यासाठी दुसरं कोणी करणार नाही.

"वाच, ऐकू दे." आमच्या लोणावळ्यातल्या वाचनालयातले आबा पुस्तक देताना एवढंच म्हणायचे. टेबलापाशी उभं राहून पहिलं वाक्य मोठ्यानं वाचायचं, मगच ते डाव्या हातानं शिक्का मारायचे. उजव्या हाताची तीन बोटं तरुणपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली होती. भाजीची पिशवी घेऊन आलेल्या मावश्यासुद्धा लाजत लाजत वाचायच्या. मी एकदा विचारलं, हे कशासाठी? "मुकं गेल्यालं पुस्तक मुकंच माघारी येतं," ते म्हणाले.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. त्याच्याकडे नीट बघून ठेवा.

बारावीत असताना मी एक कादंबरी नेली. तिच्यातल्या शहरात पुस्तकं तपासणारे अधिकारी होते. ते वाचत नसत. तराजूत घालून कोणतं पुस्तक ठेवायचं ते ठरवत. महत्त्वाच्या वाक्याखाली रेघ ओढायची, एवढं मला शाळेनं शिकवलं होतं. मी पेन्सिल आणि फूटपट्टी घेऊन बसलो.

परत केली तेव्हा आबांनी पानं चाळली. "लेका, ही कादंबरी हाय. हिच्यावर परीक्षा न्हाई."

"चुकलं, आबा. खोडून देऊ?"

"ऱ्हाऊ दे. वाचल्याची खूण हाय ती."

पुढच्या महिन्यात त्याच रेघांचे फोटो मोबाइलवर फिरले. वाचनालयातून काढायच्या अकरा पुस्तकांची यादी निघाली. वाचनालय समितीचे अध्यक्ष पाच-सहा जणांना घेऊन आले, ते खताची रिकामी पोती बरोबर घेऊनच. बोलायला आलेला माणूस पोती आणत नाही.

आबांनी ती कादंबरी उघडून त्यांच्यापुढं ठेवली. "पयलं वाक्य वाचा. मग न्या."

"आबा, आम्हाला वाचायला वेळ नाही," एक जण म्हणाला.

"मग पोत्यात भराया कुटनं घावला?"

मागचा कोणी तरी हसला आणि अध्यक्षांनी वळून बघताच गप्प झाला. "या रेघा कोणी मारल्या?" अध्यक्षांनी विचारलं. "वाचनालयात कोण येतं असलं वाचायला?"

मी खिडकीपाशी बसलो होतो. माझे वडील अध्यक्षांच्या बंगल्यावर वॉचमन होते. आमची राहायची खोलीही त्याच आवारात.

आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "रेघा माज्या हायेत."

सगळ्यांनी त्यांच्या उजव्या हाताकडं पाहिलं. रेघा ताणलेल्या दोऱ्यासारख्या सरळ होत्या. आबा खोटं बोलताहेत हे तिथं प्रत्येकाला कळलं, आणि तरी त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं.

धर्म, संस्कार, लहान मुलं, सगळ्यांची नावं त्या दिवशी घेतली गेली. पण पोत्यांतलं एक पानही त्यांच्यापैकी कोणी वाचलं नव्हतं. भावना दुखावून घ्यायच्या तरी आधी वाचावं लागतं, एवढीही लाज त्यांना नव्हती. माझं तर बोलायलाच नको. बाहेर पोती न्यायला आलेल्या टेम्पोपाशी कोणी तरी म्हणालं, "ए, जरा धर रे." मी पोत्याचं टोक धरलं आणि ते वर चढवलं.

नंतर मी पुण्याला कॉलेजात आलो. दर सुट्टीत ठरवायचो, लोणावळ्याजवळ औंढ्याला आबांच्या घरी जायचं आणि मग अध्यक्षांना खरं सांगायचं. मग वडिलांची नोकरी आठवायची आणि सुट्टी संपायची. यंदा वडिलांनी ते काम सोडलं. माझ्यात लगेच हिंमत आली. अशा हिमतीला काय म्हणतात, मला माहीत आहे.

औंढ्याला गेलो. दारात आबांची मुलगी होती. आबांना जाऊन महिना झाला होता.

मी उभ्या उभ्याच तिला रेघांचं सांगितलं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "समितीनं आबांना दोनदा बोलावलं. म्हनले, रेघा मारणाऱ्याचं नाव द्या, उद्यापास्नं कामावर या."

"मग?"

"आबा म्हनले, आदी तुमी पुस्तक वाचा, मग नाव सांगतो."

"मग काय झालं?"

"काय व्हायचंय? कुणी वाचलंच न्हाई."