मध्यंतरानंतरचा सिनेमा

चामराजपेटेतल्या एका फिल्म क्लबात परवा साठच्या दशकातला इंग्रजी सिनेमा होता. पॉप बँडमधली चार पोरं गिटार घेऊन पळतात, पडतात, गातात, एवढीच गोष्ट. शेजारी पंच्याहत्तरी ओलांडलेल्या एक बाई पायानं ताल धरून बसल्या होत्या. आजूबाजूच्या कन्नड गर्दीत फोनवरचं माझं मराठी ऐकून मध्यंतरात त्या म्हणाल्या, "मी बेळगावची. कॉलेजात असताना हाच सिनेमा चोरून बघायला गेले, तर अप्पांनी मध्यंतरातच हाताला धरून घरी नेलं. पुढचा आज बघणार!"

शेवटी चौघे वाद्यांसकट तळ्यात पडले आणि पाण्यातच गायला लागले. दिवे लागले तेव्हा बाई पोट धरून हसत होत्या.

"एवढ्यासाठी अप्पा आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते!"

"निराशा झाली का, अक्का?"

"स्वल्पसुद्धा नाही. इतकी वर्षं मी मनात शेवट रचत आले. माझे याहून झकास आहेत."

बाहेर त्यांची रिक्षा आली होती. "एक तरी सांगा ना," मी म्हटलं. त्यांनी पदर खोचला आणि फुटपाथवरच सुरुवात केली. थोड्या वेळानं रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं, तशा अक्का त्याच्यासाठी निम्मी गोष्ट कन्नडमध्ये सांगू लागल्या.