हद्दीबाहेरची सावली

नगरपालिकेच्या नोकरीवरून मला उद्धटपणाबद्दल काढलं. तसं कागदावर लिहून दिलंय आणि ते खरं आहे. मी उद्धट होतो, आजही आहे, आणि तसाच प्रसंग पुन्हा आला तर पुन्हा तसाच वागेन. पुढे कुठे मी ओशाळलेला वाटलो तर तो छापणाऱ्याचा दोष समजावा.

ही महायुद्ध सुरू होण्याआधीच्या एका उन्हाळ्याची हकीकत आहे. आमचं घर गुंजवण्याच्या अंगाला, घरी भातशेती. मी शाळेची शेवटची परीक्षा पास झालो आणि भोर-वेल्ह्याकडच्या एका पेठेच्या गावात जकात नाक्यावर कारकून म्हणून चिकटलो. गावात विकायला येणाऱ्या मालावर वेशीवरच कर घ्यायचा आणि पावती फाडायची, एवढंच काम. तूप, कोंबड्या, हिरडा, गवताच्या पेंढ्या, धनगरांच्या शेळ्या, सगळं माझ्या टेबलासमोरून जायचं. लोक मला पाहून तोंड वाकडं करत. मी त्यांच्या जागी असतो तर मीही केलं असतं.

नाका म्हणजे पत्र्याची खोली. वर पत्रा, तीन बाजूंना पत्रा आणि रस्त्याकडची बाजू उघडी. ज्याने ती बांधायला सांगितली तो गृहस्थ बहुतेक पावसाळ्यात येऊन जागा बघून गेला असावा. चैत्रात सूर्य जरा वर चढला की पत्रे कडकड वाजायला लागत. टेबलावर हात टेकवत नसे.

माझ्याबरोबर एक शिपाई होता. वयाने माझ्या वडिलांपेक्षा मोठा, आणि सगळं गाव त्याला मामा म्हणे. अंगात नगरपालिकेने दिलेला जाड बनातीचा कोट, डोक्याला फेटा. घरी फक्त म्हातारी बायको. माणूस भलता इमानी. भर रस्त्यात उभा राहून गाड्या अडवायचा आणि सख्ख्या भावालाही पावतीशिवाय सोडायचा नाही.

रस्त्याच्या पलीकडे एक करंजाचं झाड होतं. आजूबाजूचं सगळं वाळलेलं असताना करंज मात्र हिरवागार, आणि खाली गारेगार सावली. वेल्ह्याकडून डोंगर उतरून आलेली माणसं तिथे ओझी टेकवून घटकाभर बसत, मग नाक्यावर येत. फक्त एक अडचण होती. नगरपालिकेच्या हद्दीचा दगड आमच्या खोलीच्या आणि त्या झाडाच्या मधोमध होता. खोली हद्दीत, सावली हद्दीबाहेर.

चैत्र संपता संपता कचेरीतून उन्हाळ्याचा हुकूम आला. उद्यापासून कचेरी सकाळची. म्हणजे सगळे कारकून आणि साहेब दुपारच्या आत घरी जाऊन वाळ्याच्या ताट्यांमागे आडवे होणार. नोकरांनी उन्हात डोकं झाकावं, पाणी भरपूर प्यावं आणि कांदा जवळ बाळगावा, असाही उपदेश होता. शेवटची ओळ मात्र आमच्यासाठी होती: नाक्यांचं काम नेहमीप्रमाणे दिवसभर चालेल.

मी ते मामाला वाचून दाखवलं आणि हुकूम काढणाऱ्याला एक शिवी हासडली. मामाने दुसऱ्या दिवशी कोटाच्या खिशात कांदा आणला. म्हणाला, "कचेरीनं सांगितलंय म्हंजी ठेवाया पायजे."

त्या कांद्याने काही झालं नाही. आठवडाही गेला नसेल, भर दुपारी मामा एका बैलगाडीपुढे हात आडवा करून उभा राहिला आणि काहीबाही बोलायला लागला. गाडीत गवत होतं आणि हा विचारत होता, लग्न कुणाचं. मी त्याचा हात धरला तर कातडी कोरडी ठणठणीत, चुलीजवळ ठेवलेल्या भांड्यासारखी तापलेली. मग तो खालीच बसला. करंजाखाली एक धनगरीण शेळ्या घेऊन बसली होती, ती धावत आली. दोघांनी मिळून त्याला उचलून सावलीत नेलं, कोट काढला, डेऱ्यातलं सगळं पाणी त्याच्या डोक्यावर आणि छातीवर ओतलं. ती पदराने वारा घालत राहिली. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं असेल, तर गाडीची पावती फाडली का.

मला रडू आलं आणि रागही आला. त्याच दुपारी मी दोन्ही खुर्च्या उचलून करंजाखाली मांडल्या. माल आला की उठायचं, दगडापाशी जायचं, कर घ्यायचा, पावती द्यायची, परत सावलीत. काम कुठेही अडलं नाही. पण पेठेतल्या कुणा शेटजीने कचेरीत कळ लावली आणि लेखी ताकीद आली: हद्दीबाहेर बसलेला नोकर गैरहजर धरला जाईल. मी तो कागद पाण्याच्या डेऱ्यावर झाकण म्हणून ठेवला.

मामा मात्र निमूटपणे खुर्ची घेऊन पत्र्यात गेला.

मी विनवण्या केल्या, ओरडलो, शेवटी त्याची खुर्ची ओढायला लागलो. त्याने खुर्ची घट्ट धरून ठेवली. "माझी चाकरी नासवू नगंस, पोरा. ही गेली तर ह्या वयात मला कोन ठिवील? म्हातारीला काय खाया घालू?"

"आणि तुम्ही इथं मेलात म्हणजे कोण घालणार आहे?"

तो फेटा सारखा करून रस्त्याकडे बघत बसला. मी दुपारभर सावलीत बसून त्याच्याकडे बघत असे. त्याची मान जरा कलली की मी उठून उभा राही. एवढी भीती मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही. बाकी सगळं धाडस सोपं असतं. म्हाताऱ्याला रोज थोडं थोडं मरताना बघणं सोपं नसतं.

मग एका दुपारी जकातीचे साहेब स्वतः आले. सायकलवर, डोक्याला सोला टोपी, घामाने निथळत. आले आणि सरळ करंजाखाली उभे राहिले. रुमालाने मान पुसून झाल्यावर मला म्हणाले, "तू हद्दीबाहेर बसला आहेस. तू गैरहजर आहेस."

मी म्हणालो, "साहेब, तुम्हीही हद्दीबाहेरच उभे आहात."

शेळ्या घेऊन बसलेली तीच धनगरीण फस्सकन हसली. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. ते तिथूनच मामाला ओरडून म्हणाले, "तुम्ही बसा तिथंच! हलायचं नाही!"

मामा उठला. त्याने खांद्यावरचा पितळी बिल्ल्याचा पट्टा उतरवला, खुर्चीवर नीट ठेवला आणि पाय ओढत, दगड ओलांडून, सावलीत आला. साहेबांपुढे उभं राहून त्याने हात जोडले. "पट्टा हद्दीत बसलाय, साहेब. पट्टा नगरपालिकंचा हाय. ह्यो देह म्हातारीचा हाय, तिला माघारी द्यायचाय."

वरिष्ठांसमोर त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. आवाज कापत होता, माणूस नाही.

"दोघांनाही काढतो," साहेब म्हणाले. "आत्ता लिहून देतो." आणि दौत-टाक पत्र्यातल्या टेबलावर असल्यामुळे ते तावातावाने आत जाऊन बसले.

आम्ही बाहेरून बघत होतो. त्यांनी माझं नाव लिहिलं, उद्धटपणाबद्दल असं लिहिलं, टोपी काढली. सही केली, कोट काढला. मग मामासाठी दुसरा कागद ओढला आणि टाक दौतीत बुडवून तसेच बसून राहिले. कपाळावरचा घाम कागदावर पडत होता. पत्रे वाजत होते. थोड्या वेळाने ते भिंतीला धरून उठले, बाहेर आले, माझा कागद माझ्या हातात कोंबला आणि सायकल हातात धरून गावाकडे चालायला लागले. दुसरा कागद कोराच राहिला. पुढेही तो कुणी लिहिला नाही, आणि मामाला परत आत बसायलाही कुणी सांगितलं नाही.

वैशाख सरता सरता मी आमच्या झाडाचे रायवळ आंबे पाटीत घालून मामाला भेटायला गेलो. तो करंजाखाली ऐसपैस बसला होता. मला बघून तोंडभर हसला, उठला, दगडापाशी जाऊन उभा राहिला आणि हात आडवा केला.

"पाटीत काय हाय?"

"आंबे. तुमच्यासाठीच आणलेत, मामा."

"कुनासाठी का असंनात. गावात चाललेत न्हवं? जकात पडंल."

मी त्याच्याकडे बघितलं. तो अजिबात थट्टा करत नव्हता. मग मी पाटी डोक्यावरून उतरवली आणि दगडाच्या अलीकडेच, सावलीत ठेवली. त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. पलीकडे शेळ्या राखत बसलेल्या धनगरणीलाही हाक मारली. तिघांनी कोयी चोखून चोखून सगळी पाटी रिकामी केली. एक आंबासुद्धा आम्ही हद्दीच्या आत जाऊ दिला नाही.