परमिट तिघांचं होतं

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि अजूनही नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये वाद नको. मी एका कंपनीत कम्प्लायन्सला आहे. ऑफिस घोडबंदर रोडला, घर कोलशेतला. दुसऱ्यांनी भरलेले कागद तपासायचे आणि त्यात काय जुळत नाही ते शोधायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे जे घडलं तेही मी तसंच तपासून पाहिलं... जुळत नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझे बाबा लग्नाआधी अरुणाचलमध्ये होते. रोइंगहून वर अनिनीकडे जाणारा रस्ता तेव्हा बांधला जात होता, त्या कामावर ओव्हरसियर. पुढचा सगळा जन्म डोंबिवलीत गेला, पण गप्पा तिथल्याच. पत्र्याची शेड, शेडजवळचा झुलता पूल. "एकदा जाऊन यायचं रे," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. शेवटी मनावर घेतलं. आई, बाबा, मी आणि माझी बायको मृणाल, असे चौघं जाणार होतो. सीमेलगतचा भाग, बाहेरच्यांना इनर लाइन परमिट लागतं. बाबांनी हौसेने सगळ्यांचे फोटो आणि आधारच्या झेरॉक्स गोळा केल्या. परमिट आलं, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात बाबा गेले. झोपेतच.

आई रडली नाही. सगळे म्हणाले, रडू दे तिला, पण ती रडलीच नाही. तिचं एकच पालुपद होतं, "त्यांचं तेवढं राहिलं." वर्षश्राद्ध झालं, त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "आपण जाऊन येऊ. त्यांचं राहायला नको." मला पटलं नव्हतं. तिचं बीपी, तो रस्ता... पण मृणालने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "मंदार, आईंना नाही म्हणू नकोस. ह्या एका गोष्टीवर त्या उभ्या आहेत." ते खरं होतं.

जुन्या परमिटची मुदत संपलेली, म्हणून नवा अर्ज तिघांचा. आणि तिथेच आईचं अडलं.

"तीन तिघाडा, काम बिघाडा," ती म्हणाली. "तिघांनी निघायचं नसतं."

"अगं, मग काय करू? शेजारच्यांना घेऊ बरोबर?"

"खडा घेते मी."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिघांनाच कामाला बाहेर पडावं लागलं तर बरोबर एक खडा घ्यायचा, तो चौथा. आमच्याकडे हे पूर्वीपासून आहे. आईने सोसायटीच्या आवारातून एक खडा उचलला, नळाखाली धुतला आणि पर्सच्या सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात टाकला. मी विचारलं, "आधार कार्ड आहे का त्याचं?" तर म्हणाली, "तू तुझं काम कर."

शनिवारी सकाळी डोंबिवलीला फडके रोडजवळच्या एका स्टुडिओत गेलो. आईचा जुना फोटो चालला असता, पण तो बाबांबरोबर जाऊन काढलेला. "त्यात मी हसतेय," एवढंच ती म्हणाली. आमचे तिघांचे फोटो झाले. मी निघणार तर फोटोवाला म्हणाला, "काकांचा नाही काढायचा?"

"कुठले काका?"

"ते काय बाहेर उभेत, पिशवी घेऊन. तुमच्याबरोबरच आलेले ना?"

मी दारातून डोकावलो. फडके रोडला शनिवार सकाळी पिशवी घेतलेल्या काकांना काय तोटा? पण एक गोष्ट मला आठवली. बाबा कधी दुकानात शिरायचे नाहीत. आई आत, आणि हे पिशवी धरून बाहेर. लग्न झाल्यापासूनचा शिरस्ता होता तो.

पुढचं काम म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट. टूरवाल्याने आईचं मागितलं होतं, म्हणून ठाण्यात टेंभी नाक्याच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. रिसेप्शनची मुलगी नवीन होती. तिने आईला आत सोडलं आणि आम्हाला म्हणाली, "तुम्ही तिघं बसा इथेच."

"दोघं," मी म्हटलं.

तिने माझ्या खांद्यावरून दरवाज्याकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. "हां, दोघं. सॉरी हां." मृणालने माझा हात धरला. मी तिला म्हटलं, चूक होते माणसाची, आमच्या ऑफिसात रोज होते. आणि मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

अर्ज भरला. फोटो अमुक केबीच्या आतच हवा म्हणून आईचा चेहरा लहान करत बसलो. परमिट आलं, तीन नावं. दोनदा वाचून पाहिलं, सवय.

दिब्रुगडला विमानाने उतरलो, तिथून गाडी. ड्रायव्हर पन्नाशीचा आसामी माणूस, कमी बोलणारा. मी त्याच्या शेजारी, मागे आई आणि मृणाल. अरुणाचलच्या गेटवर एका पोलिसाने परमिट घेतलं, वाकून गाडीत पाहिलं आणि बोटाने मोजलं.

"परमिट तीन का है. गाडी में चार है."

"ड्राइवर को मत गिनो," मी माझ्या हिंदीत म्हटलं.

"ड्राइवर छोड के. आगे एक, पीछे तीन." आवाजात काही नव्हतं, रोजचं काम करणाऱ्या माणसाचा असतो तसा. "चौथे का परमिट नहीं है तो गाडी वापस जाएगी."

मी मागे वळून पाहिलं. आई एका खिडकीशी, मृणाल दुसऱ्या. मध्ये जागा रिकामी. दोघी एवढ्या कडेला का बसल्या होत्या, हे नंतर मृणालला विचारलं, तर तिलाही सांगता येईना. माझ्या मनात एकच होतं, की इथून परत फिरलो तर आई ह्यातून उठणार नाही.

तेवढ्यात आईने पर्स उघडली आणि खिडकीतून हात बाहेर काढला. तळहातावर खडा. "भैया, हम तीन ही है. ये चौथा. हमारे में ऐसा लेके निकलते है."

त्याने खड्याकडे पाहिलं. मग मागच्या सीटकडे, जरा जास्तच वेळ. मग ड्रायव्हरला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला आणि आडवा बांबू वर केला. काय म्हणाला ते ड्रायव्हरने सांगितलं नाही. पण त्यानंतर चहाला थांबलो की तो स्वतःचा सोडून आमच्यासाठी न विचारता चार कप सांगायचा. आई चौथा कप गाडीच्या बॉनेटवर ठेवायची.

बाबा सांगायचे तो झुलता पूल आता नाही. शेजारी लोखंडी पूल झालाय, जुन्याचे दोन खांब तेवढे उरलेत. आईने गाडी थांबवायला लावली आणि खांबांजवळ जाऊन उभी राहिली. तुम्ही विचाराल म्हणून सांगतो, तिथे काहीही झालं नाही. वारा सुटला नाही, अंगावर काटा आला नाही. नदीचा आवाज, एवढंच. पुढच्या टपरीवर ड्रायव्हरने तीन चहा सांगितले. मी म्हटलं, आज तीनच? तो म्हणाला, "तीन ही तो लोग हो, साब."

परतताना त्याच गेटवर माणूस दुसरा होता. वाकला, मोजलं. "तीन. ठीक है." मी त्याला पुन्हा मोजायला लावलं. त्याने वैतागून पुन्हा मोजलं, तीनच.

आता माझ्या परीने सांगायचं तर, खड्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात चौथा बसला, असं मी आधी मांडलं होतं. पण फोटोवाल्याला आणि त्या रिसेप्शनच्या मुलीला खड्याचं काही माहीत नव्हतं. आणि खडा आम्ही वर टाकून आलो नाही. परततानाही तो आईच्या पर्समध्येच होता. म्हणजे ते स्पष्टीकरण दोन्ही टोकांना तुटतं, आणि दुसरं माझ्याकडे नाही. एक मात्र सांगतो. इतक्या परक्या माणसांनी बाबांना मोजलं आणि मला ते एकदाही दिसले नाहीत. विश्वास नाही म्हणतो मी, तरी ते लागतं मनाला.

गेट मागे पडल्यावर आईने विचारलं, "किती म्हणाला रे तो?"

"तीन."

तिने पर्समधला खडा चाचपून पाहिला. मग म्हणाली, "पोचले म्हणजे."

आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच रडली.