मशीनचा शेक

नागपूरच्या दवाखान्यात त्या उपचाराला सगळे ‘सिंकाई’ म्हणायचे. कंपाउंडर, आया, रांगेतले पेशंट, सगळे. बालाघाटला येईपर्यंत त्याचा ‘शेक’ झाला, आणि तिथंच आमचं बिनसलं.

माझ्या आईच्या छातीतली गाठ ऑपरेशन करून काढली होती. आत काही उरलंसुरलं असेल तर ते मरावं म्हणून तिला रोज थोडा वेळ किरणांच्या मशीनखाली निजवायचे. आठवडाभर नागपुरात मावशीकडे मुक्काम, शनिवारी गोंदियाहून छोट्या गाडीनं घरी, रविवारी परत. मला गाडीत बसवायचंच नाही. डब्यात नुसत्या येरझारा. आई मात्र खिडकीशी बसून मशीनवर तोंडसुख घ्यायची.

“हा कायचा शेक वं? गरमच नाही लागत. निजवतेत अन् उठवतेत. फसवून राह्यले तुले.”

“आतून काम करते ते, माय.”

“आतून कसं करन? चुलीवर तवा ठेवला तर पह्यले तवा तापन का भाकर?”

मी चिडायची. तीही चिडायची. किरनापूरकडची शेतावर राबलेली बाई, कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हतीच.

पुढं छातीची कातडी लाल झाली, मग काळवंडली. डॉक्टरांनी बजावलं होतं, तेल नको, साबण नको, काही लावायचं नाही. एका रविवारी मी भाजी आणायला गेली होती. परत आली तर घरभर एरंडाच्या पानांचा वास. तिनं पानांना तेल लावून, तव्यावर गरम करून छातीवर बांधली होती. गुडघा धरला की बांधतात तशी.

“मशीननं अर्धंच केलं, मी पुरं करून राह्यली,” ती म्हणाली.

मी पान उचललं तर त्याच्यासोबत कातडी आली. मी ती पानं अंगणात भिरकावली. इतका संताप आला होता की रडूसुद्धा फुटेना.

डॉक्टर रागावले नाहीत. ते बसवून सांगू लागले. “हा गरमीचा शेक नाही, बाई. हा किरण पेशीच्या आतला धागा तोडतो. पेशी लगेच मरत नाही. खाते-पिते, जगते, अन् एकीच्या दोन व्हायला गेली की पडते. रोगाच्या पेशींना दोन व्हायची सारखी घाई, म्हणून त्या जास्त पडतात. कातडीच्या पेशींनाही घाई असतेच, म्हणून ती सोलते. पण धडधाकट पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत बरंच सांधून घेते. म्हणून आम्ही रोज थोडंथोडंच देतो. त्यात तुम्ही वरून भाजलं.”

कातडी भरेपर्यंत मशीन बंद, तोवर घरीच राहायचं.

“अन् तोवर रोग?” मी विचारलं.

“तोही वाढू शकतो,” ते म्हणाले.

ते दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. सारखं जाऊन तिची छाती बघायची. लवकर भर बाई, लवकर भर, असं त्या कातडीलाच म्हणायची. आई वैतागायची. “घडीघडी काय पाह्यतं? दूध उतू जाऊन राह्यलं का?”

शेवटी कडेकडेनं गुलाबी कातडी सरकत आली आणि जखम बुजली. दुसऱ्या दिवशी नागपूरला निघायचं होतं. मी ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत होती.

“पाह्य बरं, लहान लेकराच्या गालावानी आली. सांग तुह्या डाक्टरले, माहं शरीर अजून कामाचं हाय.”

खरंच तशी आली होती. पुसता पुसता माझी बोटं तिच्या काखेशी गेली. तिथं तुरीच्या दाण्याएवढी कडक गाठ लागली. मी रोज पुसत होती. आधी ती नव्हती.

“आली ना मस्त?” तिनं विचारलं.

“हौ माय,” मी म्हटलं, “मस्त आली.”