शेंड्यावरची तिरफळं

गोणी खाली ठेवली की तो आधी खांद्यावरचा टॉवेल झटकायचा. मग तो माझ्या हातावर पसरून खालून स्वतःचा हात सरकवायचा. आमचा भाव असा ठरे, टॉवेलाखाली, बोटं दाबून. आसपास ऐकणारं कुणी नसलं तरीही. "भाव उघड्यार बोलूचो नसता," म्हणायचा.

लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मी गोण्या वाहण्यापासून सुरुवात केली. आज दुकान माझं आहे. मला कुणी सहसा फसवत नाही. त्याने फसवलं, आणि तो राग अजून गेलेला नाही.

तो सह्याद्रीतल्या एका राखीव जंगलातून तिरफळं आणायचा. तुमच्यापैकी जे बांगडा खातात त्यांना तिरफळ काय ते सांगायला नको. आमटीत ते नसेल तर आमच्याकडची मालवणी माणसं ताटावरून उठतात. त्या जंगलात त्याच्या गावाला फळं काढायची परवानगी होती, फांदी मोडायची नव्हती. गावाचा स्वतःचा नियम त्याहून कडक. खालचे घोस आकडीने काढायचे, शेंड्याला हात लावायचा नाही.

दसरा उलटला की तो दोन गोण्या घेऊन येई, आणि दर वर्षी मी तिसरी मागे.

"शेंडो पाखरांचो, शेट."

"पाखरं काय बांगड्याची आमटी करतात?"

"आमटी करनत नाय. पण झाडां तीच लावतत."

एकदा मी भडकून त्याच्या गोण्या रस्त्यावर ठेवल्या, समोरच्या दुकानात जा म्हटलं. तो त्यांच्यावरच बसून राहिला. माझा चहा आला तेव्हा आत येऊन त्यातला अर्धा प्यायला, कप माझ्यापुढे सरकवला आणि टॉवेल झटकला.

तिरफळाच्या झाडाला काटे असतात. त्याच्या तळहातावर जुन्या काट्यांच्या गाठी होत्या. त्याचा चेहरा मला आता नीट आठवत नाही, हात मात्र शंभरांत ओळखेन.

गेल्या वर्षी तो हात गरम लागला आणि हलका. मी नेहमीसारखा पडेल भाव दाबला. भांडण सुरू करायला असतो तसा. त्याने उलट दाबलंच नाही.

"भाव तुमचो," तो म्हणाला. "पण फुडल्या वर्सा माझ्या घरचां कोण इलां, तर शेंडो मागू नकात. येवढो सवदो."

मी लगेच हो म्हटलं. नुसत्या शब्दावर माल स्वस्त मिळत होता. तो खोकत होता, पण या गल्लीत मिरची कांडतात, इथे सगळेच खोकतात. संध्याकाळी शेजारच्या दुकानदाराला मी सांगितलं, म्हातारा अखेर हरला.

यंदा दोन गोण्या घेऊन त्याची सून आली. उभ्या उभ्या तिने सांगितलं की सासरे शिमग्याच्या आधीच गेले. आजारपणात घरातली गुरं विकावी लागली. बाकावर एका हॉटेलवाल्याचा माणूस बसला होता. जास्तीचा माल मिळेल का, असं सकाळपासून विचारत होता. सुनेने ते ऐकलं होतं.

"शेट," ती हळूच म्हणाली, "शेंड्यार अजून फळां आसत. काढून आणू?"

तिसरी गोणी. इतकी वर्षं मागितलेली.

"शेंडो पाखरांचो," मी ओरडलो. हॉटेलवाल्याचा माणूस उठून उभा राहिला. सुनेने पदर तोंडाला लावला.

मग भावाचं काढलं. मी जो पहिला आकडा बोललो त्यालाच ती मान डोलावून मोकळी झाली. तिला घासाघीस येत नाही.

एका गोणीचं तोंड त्याच्या टॉवेलाने बांधलेलं होतं. मी गाठ सोडली, टॉवेल उजव्या हातावर पसरला आणि खालून माझाच डावा हात घातला. पलीकडून दाबायला कुणी नव्हतं. त्याच्या वतीने मीच दाबत गेलो, भाव चढवत गेलो, आणि सून समोर उभी राहून बघत होती.