यल्ला, हवा सोडा!

आमच्या उल्हासरावांना इथे कुणी नावाने हाक मारत नाही. कॅप्टन! बोटीचे नव्हेत, वाळूचे. थंडी पडली की दुबईच्या अल कुसैसमधली आम्ही दहा-बारा मराठी घरं शनिवारी वाळवंटात तंबू ठोकायला निघतो आणि सगळ्यात पुढची गाडी यांची. गळ्यात टायरची हवा मोजायचं मीटर. डांबर संपलं की खाली उतरायचं, कमरेवर हात ठेवायचे आणि ओरडायचं, "यल्ला, हवा सोडा!" यल्ला म्हणजे अरबीत 'चला'. टायर बसका केला की वाळूत रुतत नाही, हे खरंय. त्यात माझं काही म्हणणं नाही. एरवी लिफ्टच्या कंपनीत मान खाली घालून "येस सर, येस सर" करणारा माणूस, पण वाळूत उतरला की त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मी छाया, त्यांच्या बायकोची, अपर्णाची, थोरली बहीण. एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, त्यामुळे हे नाटक वर्षानुवर्षं फुकट बघतेय.

मागच्या डिसेंबरात उल्हासरावांना बर्फाची हौस आली. इथले निम्मे लोक जातात तसे जॉर्जियाला गेले. बरोबर अपर्णा, सतरा वर्षांचा देवांश आणि धाकटी अस्मी. लोक हॉटेलात राहतात. यांनी दुबईहून तंबू नेला! "हॉटेलात काय, कुणीही राहतं," म्हणे.

भाड्याच्या गाडीवाल्याने बर्फावर घसरू नये म्हणून चाकांना बांधायच्या साखळ्या डिकीत दिल्या होत्या. घाट चढायच्या आधी त्या बांधाच, असं बजावलं होतं. कशा बांधायच्या तेही देवांशने बघून घेतलं होतं. घाटाखाली सगळ्या गाड्या थांबल्या होत्या, लोक गुडघ्यावर बसून साखळ्या बांधत होते. उल्हासराव उतरले, कमरेवर हात ठेवले. "बर्फ म्हणजे काय रे? पांढरी वाळू!" आणि चारही टायरची हवा सोडून मोकळे झाले.

"बाबा, धिस इज नॉट सँड. चेन्स लावा, प्लीज," देवांश म्हणाला.

"तू मला शिकवणार? तुझ्या जन्माआधीपासून चालवतोय मी!"

पोरगं मागे जाऊन बसलं. थोडं वर गेल्यावर एका वळणावर गाडी घसरली आणि अपर्णाच्या बाजूने खडकावर आदळली. तिचा उजवा हात चेचला. दोन ऑपरेशनं झाली, तरी बोटं आजही मिटत नाहीत.

चूक कुणाच्या हातून होत नाही? त्याबद्दल मी एक अक्षर बोलले नसते. पण परत आल्यावर भेटायला येणाऱ्यांना हा माणूस काय सांगतो? "वळणावर देवांश मागून किंचाळला. मी दचकलो आणि ब्रेक दाबला गेला." अहो, अपर्णाने मला सगळं सांगितलं होतं. त्या घाटात पोराने हूं की चूं केलं नव्हतं! माझं डोकंच फिरलं. जाब विचारायला निघाले तर हिने अडवलं. "ताई, तुला माझी शपथ. उल्हास स्वतःच सांगेल कधीतरी."

कसला सांगतोय! वर्ष गेलं. आमच्या ग्रुपमधल्या राजाभाऊंसारखा वडीलधारा माणूस देवांशला शहाणपण शिकवून गेला, "बाळा, गाडीत शांत बसावं. बघ, आईचं काय झालं." पोराने ड्रायव्हिंगचे क्लास अर्ध्यावर सोडले. येत्या ऑगस्टात तो शिकायला कॅनडाला जाणार. हे ओझं घेऊन जाऊ नये, त्याआधी बापाने एकदा चारचौघांत खरं बोलावं, एवढंच मला हवं होतं.

गेल्या शनिवारी सगळे वाळूत जमलो होतो. ऊन उतरलं होतं, पिठलं-भाकरीची ताटं वाढली होती. ग्रुपमध्ये नवीन आलेल्या निखिलने अपर्णाच्या हाताचं विचारलं. झालं! उल्हासरावांनी तीच कहाणी सुरू केली. किंचाळीपर्यंत आले आणि अस्मीने मान वर केली.

"बट बाबा, देव डिडन्ट शाउट. ही टोल्ड यू टू पुट द चेन्स. यू लेट द एअर आउट."

बरं झालं बाई, आता तरी बोलेल, असं मला वाटलं. अपर्णाही त्यांच्याकडेच बघत होती. उल्हासराव गळ्यातलं मीटर नुसतं चाचपत राहिले.

मग देवांशने ताट खाली ठेवलं. घरीदारी इंग्रजीत बोलणारा पोरगा, पण सगळ्यांकडे बघून स्वच्छ मराठीत म्हणाला, "अस्मी झोपली होती. मीच ओरडलो होतो."

"बघा!" उल्हासरावांचा जीव भांड्यात पडला. "शेवटी कबूल केलं की नाही? मोठा झाला हो माझा मुलगा!" त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. राजाभाऊ "शाब्बास" म्हणाले.

खड्ड्यात गेली शपथ, म्हणत मी तोंड उघडलं, तोच देवांशने माझा हात घट्ट धरला. हळूच म्हणाला, "लीव्ह इट, मावशी. ही हॅज नथिंग एल्स."

पुढच्या शनिवारी कुठे जायचं ते कॅप्टन सांगायला लागले होते. देवांश आईजवळ सरकला आणि तिच्या ताटातली भाकरी कुस्करून द्यायला लागला. अपर्णाने घास उचलला नाही.